संथ वाहतुकीत मोटारसायकलचे इंजिन का तापते?

नवी दिल्ली : भर उन्हाळ्यात मोकळ्या महामार्गापेक्षा वाहतूक कोंडीत मोटारसायकलचे इंजिन लवकर तापते. इंधनातील ऊर्जेचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच गतीसाठी उपयोगी पडतो. उर्वरित बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकावी लागते.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हे काम सिलिंडरभोवतीचे धातूचे पातळ पंख, अर्थात ‘फिन’ करतात. त्यांना समोरून येणारा वारा लागतो आणि गाडी थांबताच तो मिळेनासा होतो. बहुतेक स्कूटरमध्ये इंजिनावर हवा सोडणारा पंखा असतो. अशा मोटारसायकलींत तो सहसा नसतो. रेडिएटर असलेल्या गाड्यांत पंख्याची मदत होते; मात्र भोवतालची हवाच ४५ अंश सेल्सिअस असेल, तर तीही अपुरी पडू शकते.

अतिउष्णतेने तेल पातळ होऊन त्याचा संरक्षक थर तुटल्यास पिस्टन अडकून इंजिन निकामी होऊ शकते. गाडीची ओढ कमी होणे, इंजिनातून खडखड आवाज येणे आणि गिअर अडखळणे ही त्याची पूर्वलक्षणे होत.

दीर्घ सिग्नलवर इंजिन बंद करावे, अर्धवट क्लच दाबून गाडी रेटू नये, फिनमधील चिखल काढावा आणि तेलाची पातळी तपासत राहावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याचा धोका असतो. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील उकळते द्रव अंगावर उसळते. त्यामुळे गाडी सावलीत उभी करून इंजिन आपोआप निवू देणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.