द्रवीभूत नैसर्गिक वायू केंद्रांची सुरक्षा तपासणी

नैसर्गिक वायू अतिशीत करून त्याचा द्रव बनविणाऱ्या, तो द्रव साठविणाऱ्या, जहाजांत भरणाऱ्या वा जहाजांतून उतरवून त्याचे पुन्हा वायूत रूपांतर करणाऱ्या केंद्रांची जागा, बांधणी, यंत्रसामग्री व कार्यपद्धती विहित नियमांनुसार आहेत की नाहीत आणि अपघाताच्या प्रसंगी त्या अपेक्षेप्रमाणे कार्य करतील की नाही, यांची ठराविक काळाने केली जाणारी पद्धतशीर पडताळणी. या व्याख्येतील दोन भाग एकच नव्हेत. नियमाने सांगितलेली झडप जागेवर असणे हे नियमपालन होय. ती झडप दाब वाढताच खरोखर उघडेल अशी खात्री करून घेणे ही सुरक्षा होय. तपासणीचे मुख्य प्रयोजन या दोहोंमधील अंतर नाहीसे करणे हे आहे.

द्रवाचे गुणधर्म व धोके : नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन असून वातावरणीय दाबास तो सु. −१६२° से. तापमानास द्रवरूप होतो. द्रवाचे आकारमान वायूच्या आकारमानाच्या सु. १/६०० असते. त्यामुळे नळमार्ग टाकणे शक्य नसलेल्या ठिकाणी तो समुद्रमार्गे नेणे परवडते. हा द्रव रंगहीन, गंधहीन व पाण्याच्या निम्म्याहून कमी घनतेचा असतो. घरगुती वापराच्या वायूत गळती कळावी म्हणून वासाचे द्रव्य मिसळतात, तसे येथे करता येत नाही. कारण एवढ्या कमी तापमानास ते द्रव्य गोठते. म्हणून गळती ओळखण्यासाठी नाकावर नव्हे, तर उपकरणांवर विसंबून राहावे लागते.

द्रव उघड्या टाकीत जळेल, पण त्याचा स्फोट होत नाही. धोका त्याच्या बाष्पात आहे. हवेत मिथेनाचे प्रमाण ५ ते १५ टक्के असताना ते मिश्रण पेट घेते. नुकतेच तयार झालेले थंड बाष्प हवेच्या सु. दीडपट जड असते. त्यामुळे ते जमिनीलगत पसरते, खोलगट जागी व गटारांत उतरते आणि तापमान सु. −११०° से.च्या वर गेल्यावरच हवेहून हलके होऊन वर जाऊ लागते. बंदिस्त जागेत कोंडलेले मिश्रण पेटल्यास स्फोट होतो. दुसरा धोका थंडीचा आहे. साधे पोलाद या तापमानास काचेसारखे ठिसूळ बनते. तिसरा धोका कोंडलेल्या द्रवाचा आहे. दोन बंद झडपांमधील नळात द्रव अडकून राहिला, तर बाहेरील उष्णतेने तो प्रसरण पावतो व नळ फुटतो.

नियमांचा उगम : या क्षेत्रातील बहुतेक नियमांच्या मुळाशी एखादा अपघात आहे. २० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील क्लीव्हलंड येथे द्रवीभूत वायूची एक दंडगोलाकार टाकी फुटली. टाकीसाठी ३.५ टक्के निकेल असलेले पोलाद वापरले होते. द्रवाच्या तापमानास त्याचे चिवटपण टिकत नाही, हे नंतर स्पष्ट झाले. द्रव अडवून ठेवण्यासाठी पुरेसे बांध नव्हते. तो रस्त्यावर आला, त्याचे बाष्प गटारांत शिरले आणि आग वस्तीत पसरली. शेजारच्या गोलाकार टाकीचे आधारखांब उष्णतेने खचून तीही कोसळली. या दुर्घटनेत सु. १३० माणसे मरण पावली आणि त्या देशात या उद्योगाची वाढ दीर्घकाळ खुंटली. टाकीच्या आतील कवचासाठी ९ टक्के निकेलयुक्त पोलाद किंवा तितकाच योग्य पदार्थ वापरणे, टाकीभोवती द्रव सामावणारी व्यवस्था ठेवणे आणि वस्तीपासून अंतर राखणे या आजच्या मूलभूत अटींमागे हा अनुभव आहे.

१० फेब्रुवारी १९७३ रोजी न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड येथे टाकी दुरुस्तीसाठी रिकामी केलेली असताना आत आग लागली. आतील अस्तर व फेसाळ प्लॅस्टिकाचे उष्णतानिरोधक आवरण पेटले, काँक्रीटचे छत कोसळले आणि आतील ४० माणसे मृत्युमुखी पडली. टाकीत द्रव नाही म्हणजे धोका नाही, हा समज त्यामुळे दूर झाला. ६ ऑक्टोबर १९७९ रोजी मेरिलंड राज्यातील कोव्ह पॉइंट येथे पंपाच्या विद्युत्-जोडणीवरील मोहोरबंदीतून गळती झाली. बाष्प विद्युत्-तारांच्या भूमिगत नळीतून सु. ६० मी. दूर असलेल्या विद्युत्-उपकेंद्रात पोचले आणि स्विच चालविताच स्फोट होऊन एक जण मरण पावला. त्या इमारतीत वायू येणार नाही असे गृहीत धरल्यामुळे तेथे वायूचे अस्तित्व ओळखणारी उपकरणेच बसविलेली नव्हती. पुढे विद्युत्-जोडणीच्या दुहेरी मोहोरबंदीविषयीचे नियम कडक झाले.

बांधणीच्या वेळची तपासणी : आधुनिक मोठ्या टाकीत निकेलयुक्त पोलादाचे आतील कवच, पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे बाहेरील कवच व या दोहोंमध्ये पर्लाइटासारख्या निरोधकाचा थर असतो. आतील कवचातून गळती झालीच, तर बाहेरील कवचाने द्रव अडवावा अशी अपेक्षा असते. एकदा टाकी थंड करून भरली की ती पुष्कळदा अनेक दशके पुन्हा उघडली जात नाही. म्हणून बांधणीच्या वेळी पाहिले नाही, ते पुढे सहसा पाहता येत नाही. पोलादाच्या प्रत्येक खेपेची कमी तापमानास आघात-चाचणी घेतात, वितळजोडांची क्ष-किरणांनी वा श्राव्यातीत तरंगांनी परीक्षा करतात आणि टाकीत पाणी भरून, प्रत्यक्ष द्रवाच्या भारापेक्षा अधिक भार देऊन, गळती व पायाचे खचणे तपासतात. त्यानंतर आतील हवा नायट्रोजनाने घालवून टाकी अगदी सावकाश थंड केली जाते. एक भाग दुसऱ्याहून फार लवकर आकुंचन पावला, तर जोडांवर घातक ताण पडतात.

जागेची निवड हाही तपासणीचा विषय आहे. अमेरिकी नियमांनुसार विशिष्ट प्रकारच्या गळतीची गणिते मांडून, आगीची उष्णता व ज्वलनशील ढग केंद्राच्या हद्दीबाहेर कोठवर पोचतील, हे काढावे लागते. त्यासाठी दर चौ. मी.ला ५ किलोवॉट उष्णता-प्रारण आणि हवेत २.५ टक्के मिथेन, म्हणजे किमान ज्वलनमर्यादेचा अर्धा भाग, ही मूल्ये प्रमाण मानली जातात.

चालू केंद्राची तपासणी : टाकीच्या आत जाता येत नसल्यामुळे तपासनिसाला अप्रत्यक्ष खुणा वाचाव्या लागतात. बाहेरील भिंतीवर कोठे दंव जमले, तर आतील निरोधक खाली बसला असण्याची किंवा गळतीची शक्यता असते. अवरक्त छायाचित्रणाने असे थंड पट्टे दिसतात. जमिनीवर टेकलेल्या टाकीच्या पायाखालील तापकतारा बंद पडल्यास जमीन गोठून फुगते व पाया उचलला जातो. म्हणून पायाचे तापमान व पातळी यांची नोंद ठेवतात. टाकीतील द्रवाची घनता व तापमान निरनिराळ्या खोलींवर मोजणे हे तितकेच आवश्यक असते. ऑगस्ट १९७१ मध्ये इटलीतील ला स्पेत्स्या येथे जहाजातील अधिक जड व काहीसा उबदार द्रव टाकीच्या तळाशी भरण्यात आला. काही तासांनी खालचा व वरचा थर एकाएकी मिसळून (या घटनेस थर-उलथन म्हणता येईल) सु. २,००० टन बाष्प बाहेर पडले. सुदैवाने ते पेटले नाही. घनतेच्या नोंदी नियमित पाहिल्यास अशी घटना आगाऊ ओळखून द्रव ढवळून घेता येतो.

याशिवाय वायू, ज्वाला व अतिशीतता ओळखणारी उपकरणे, धोक्याच्या घंटा, सुरक्षा झडपा, आपत्कालीन बंद-योजना, अग्निशामक पंप व भुकटी-यंत्रे यांची प्रत्यक्ष चालवून चाचणी घेतात. साचलेल्या द्रवावर पाण्याचा फवारा मारल्यास बाष्पीभवन वाढते. म्हणून पाणी कोठे वापरावयाचे व कोठे नाही, हे कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे की नाही, हेही पाहिले जाते. अमेरिकी नियमांनुसार अग्निसुरक्षेच्या नियंत्रण-योजनांची चाचणी सहा महिन्यांच्या आत, तर नेहमी चालू असणाऱ्या इतर नियंत्रण-योजनांची दर वर्षी व कोणत्याही परिस्थितीत १५ महिन्यांच्या आत व्हावी लागते.

चाचणीतून उद्‌भवणारा धोका : ८ जून २०२२ रोजी टेक्सस राज्यातील फ्रीपोर्ट येथील निर्यात केंद्रात, साठवण-टाक्या व धक्का यांना जोडणारा एक निरोधित नळ फुटून स्फोट व आग झाली. जीवितहानी झाली नाही. परंतु केंद्र सु. आठ महिने बंद राहिले. चौकशीतून असे आढळले की, नळावरील सुरक्षा झडपेची चाचणी झाल्यानंतर तिच्या मार्गातील विलगीकरण झडप बंदच राहिली होती. नळात कोंडलेला द्रव हळूहळू तापला, पण दाब बाहेर जाण्यास वाट नव्हती. तापमान वाढत असताना चालकांना सावध करील अशी सूचना मिळाली नाही. चाचणीची लेखी पद्धत व झडपा योग्य स्थितीत मोहोरबंद ठेवण्याची व्यवस्था यांत उणिवा होत्या, तसेच कर्मचाऱ्यांवर जादा कामाचा भार होता, असेही नमूद झाले. म्हणजे जी चाचणी नियमाने आवश्यक होती, तीच अपुऱ्या पद्धतीमुळे अपघाताचे कारण ठरली. म्हणून चाचणीची तारीख नोंदवहीत आहे, एवढ्यावर तपासनिसाने समाधान मानू नये. चाचणीनंतर प्रत्येक झडप पूर्वस्थितीत आली, हे दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे पाहिले काय, हा प्रश्न त्याने विचारलाच पाहिजे.

दुरुस्तीनंतर यंत्रणा पुन्हा सुरू करण्याची वेळही अशीच नाजूक असते. ३१ मार्च २०१४ रोजी वॉशिंग्टन राज्यातील प्लिमथ येथे नळांतील हवा पूर्णपणे घालविली न गेल्यामुळे आत ज्वलनशील मिश्रण तयार होऊन स्फोट झाला. उडालेल्या तुकड्यांनी साठवण-टाकीच्या बाहेरील कवचास छिद्र पाडले. शेजारच्या यंत्रांमधील संबंधही दुर्लक्षून चालत नाही. १९ जानेवारी २००४ रोजी अल्जीरियातील स्किकदा येथे गळालेला वायू बाष्पित्राच्या हवेच्या पंख्यातून भट्टीत ओढला गेला. बाष्पित्राच्या स्फोटाने बाहेरील ढग पेटला व २७ माणसे मृत्यू पावली.

नियामक व्यवस्था : अमेरिकेत राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेची ‘५९ ए’ ही मानक संहिता १९६७ मध्ये स्वीकारली गेली आणि १९८० मध्ये संघीय सुरक्षा नियम लागू झाले. यूरोपात भू-केंद्रांसाठी ‘ईएन १४७३’ हे मानक आहे. जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची वायुवाहक जहाजांविषयीची संहिता १ जुलै १९८६ पासून अंमलात आली. जहाज व धक्का यांच्या सीमेवर दोन्ही बाजूंची बंद-योजना एकमेकींशी जोडून तपासली जाते, कारण एकीकडची झडप बंद झाली व दुसरीकडचा पंप चालू राहिला, तर नळावर मोठा आघात बसतो.

भारतात पहिले आयात केंद्र गुजरातेत दहेज येथे २००४ मध्ये सुरू झाले. त्यानंतर हजीरा, कोची, एन्नोर, मुंद्रा, धामरा इ. ठिकाणी केंद्रे उभी राहिली. महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथील केंद्र २०१३ मध्ये कार्यान्वित झाले. मात्र लाटरोधक भिंत अपुरी असल्यामुळे पुढे अनेक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाजे लागत नसत. बंदरातील लाटा हाही सुरक्षेचाच भाग आहे, याचे हे उदाहरण होय.

देशातील नियंत्रण एकाच संस्थेकडे नाही. नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना दाबपात्रे व साठवण यांचे परवाने देते. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये तेल उद्योग सुरक्षा संचालनालय स्थापन झाले. त्याचे ‘१९४’ क्रमांकाचे मानक या द्रवाच्या साठवण-हाताळणीविषयी आहे. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने २०१८ मध्ये या केंद्रांसाठी तांत्रिक व सुरक्षा विनियम प्रसिद्ध केले. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या केंद्रांना सुरक्षा अहवाल, स्वतंत्र सुरक्षा-परीक्षण व आवारातील आपत्कालीन योजना आवश्यक असून त्या योजनेची तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावी लागते. आवाराबाहेरील योजना जिल्हा पातळीवर तयार होते व तिची तालीम वर्षातून किमान एकदा अपेक्षित असते.

मर्यादा : अनेक संस्थांच्या तपासण्या असल्या, तरी त्यांमधील जागा रिकामी राहू शकते, प्रत्येक संस्था आपापल्या कक्षेतील वस्तू पाहते आणि दोन वस्तूंमधील संबंध कोणीच पाहत नाही. तसेच नियम झालेल्या अपघातांवरून बनतात. पुढचा अपघात वेगळ्या वाटेने येतो. कोव्ह पॉइंट येथील तारांची नळी वा स्किकदा येथील हवेचा पंखा कोणत्याही यादीत धोका म्हणून नोंदलेला नव्हता. यासाठी ठराविक प्रश्नावलीच्या जोडीला, ‘हा भाग निकामी झाला तर काय होईल’ असा विचार प्रत्येक घटकाविषयी करणारे धोका-विश्लेषण, किरकोळ गळती व चुकलेल्या क्रिया यांच्या निर्भय नोंदी आणि उत्पादनाशी हितसंबंध नसलेला तपासनीस या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. गंधहीन वायूची गळती नाकास कळत नाही, त्याचप्रमाणे व्यवस्थेतील उणीवही शोधल्याशिवाय कळत नाही; आणि ती न शोधल्याची किंमत केंद्रातील कामगार व कुंपणापलीकडील वस्ती यांना मोजावी लागते.