दारू सुटलेल्यांची पुस्तके

कुणी जुनी नाणी जमवतो, कुणी पोस्टाची तिकिटे. मी जमवतो ती दारू सुटलेल्या माणसांची पुस्तके. बेळगुंदीच्या घरात त्यांच्यासाठी एक कपाट आहे. पाहुणे आधी हसतात, मग हळूच विचारतात, "सर, घरात कुणाला त्रास होता काय?" घरात नव्हता, वर्गात होता. वडिलांच्या दारूपायी परीक्षेची फी राहिलेली मुले दरवर्षी समोर बसतात. त्यांच्या हाती काय द्यावे, या प्रश्नातून हा छंद लागला.

मराठीत दारूवरचे लेखन म्हटले की 'एकच प्याला' आठवतो. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्यानंतर महिनाभरातच गंधर्व नाटक मंडळीने नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांच्या सिंधूने आपल्या आज्या-पणज्यांना रडवले. पण त्यातला सुधाकर वाचत नाही. त्याने धडा मिळतो, पण घरात सुधाकर असलेल्या बाईला वाट सापडत नाही.

ती वाट दाखवणारे पुस्तक एप्रिल १९३९ मध्ये अमेरिकेत निघाले. त्याचे नाव 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही दारूने पार खचलेले. १९३५ मध्ये अ‍ॅक्रन गावी त्यांची गाठ पडली आणि एका व्यसनी माणसाला दुसरा व्यसनी माणूसच सावरू शकतो, हे त्यांना उमगले. साडेतीन डॉलर किंमत त्या काळी जास्त वाटेल म्हणून कागद मुद्दाम जाड वापरला. त्या जाडीवरूनच त्याला 'बिग बुक' नाव पडले. १९५३ मध्ये 'बारा पायऱ्या आणि बारा परंपरा' आले, तर १९५५ मध्ये बिग बुकची दुसरी आवृत्ती. हातांनी दुरुस्त्या केलेली मूळ टंकलिखित प्रत २०१८ च्या लिलावात चोवीस लाख डॉलरांच्या आसपास गेली. आम्ही आपले खडेबाजारातल्या रद्दीवाल्याशी दहा रुपयांवरून घासाघीस करणारे!

पहिला पेलाच घेऊ नका, म्हणजे पुढचा प्रश्न येत नाही, असे ही मंडळी सांगतात. गडकऱ्यांनी नाटकाच्या नावातच ते सांगून ठेवले होते. फरक एवढाच की इथे पडलेल्या माणसाला उठताही येते.

आपल्याकडे त्याच काळात वेगळेच चालले होते. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणजे तो कायदा आपल्या आजोबांनीही पाहिला. प्रकृतीच्या कारणावरून दारूचे परमिट मिळे. 'परमिट रूम' हा शब्द त्याच परमिटची आठवण. गाडगे महाराज कीर्तनातून दारूवर आसूड ओढत. त्या काळातली माझ्याकडची पत्रके 'पिऊ नका' एवढेच सांगतात. ज्याला सुटतच नाही त्याने काय करावे, ते त्यांत नाही. ए.ए.ची चळवळ १९५७ मध्ये मुंबईत रुजली, तेव्हा कुठे ते सांगणारे साहित्य इकडे येऊ लागले.

हे साहित्य दुर्मिळ का? महाग म्हणून नव्हे. घरातले लोकच ते नाहीसे करतात म्हणून. निपाणीकडच्या एका घरी मालकांच्या माघारी ट्रंकेतून अशी पुस्तके निघाली. माउली म्हणाल्या, "सर, घेऊन जावा हे. पोरीला बघायला पावणे येत्यात, कुणी बघितलं तर काय म्हणतील?" त्या पुस्तकांच्या समासात मालकांनी पेन्सिलीने तारखा टाकल्या होत्या, एकेक दिवस न पिता काढल्याच्या. अशा दोनशे अकरा तारखा मी मोजल्या. नवऱ्याने मिळवलेली एवढी मोठी गोष्ट घराला लपवावी लागत होती. पुस्तकावरचे नाव मी कागद चिकटवून झाकले. निनावी राहणे हा या चळवळीचा नियम आणि तो संग्राहकानेही पाळला पाहिजे.

आपण दोन भाषांत जगणारी माणसे. मराठीत 'दारुड्या', कन्नडमध्ये 'कुडुक'. शिवी दोन्हीकडे तयार असते, पण 'आजारी' हा शब्द कुठल्याच भाषेत पटकन तोंडी येत नाही. अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेने १९५६ मध्येच याला आजार मानले. पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केले आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगणची गोष्ट' लिहिली. कर्नाटकात धर्मस्थळच्या संस्थेची मद्यवर्जन शिबिरे गावोगाव भरतात. आजी कन्नड वाचत असेल आणि सून मराठी, तर दोघींच्या हाती त्यांच्या त्यांच्या भाषेतली पुस्तिका पडायला हवी. म्हणून माझ्या कपाटात दोन्ही भाषांचे कप्पे शेजारी आहेत. विद्यार्थी पुस्तक नेतात तेव्हा मी वहीत नाव लिहीत नाही. काही परत येत नाहीत, त्याचे वाईट वाटत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवावे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. त्यामुळे आधी डॉक्टर गाठावा, पुस्तक नंतर. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे.

आणि माळ्यावर, ट्रंकेत असे एखादे पुस्तक सापडले तर जाळू नका, रद्दीत घालू नका. ज्याने ते वाचले, तो कधीतरी सुटायला धडपडला होता. त्याच्या नातवंडांना ते कळायला काय हरकत आहे?