घरची भाजी : लेखांक ७ – ऊन दक्षिणेचं

मागच्या लेखांकांत माती आणि पाणी यांचा विचार झाला. या दोन्ही गोष्टी घर घेतल्यावरही सुधारता येतात. माती आणता येते, खत घरी करता येतं, पाण्याची वेळ पाळता येते. उन्हाचं तसं नाही. ते घराबरोबर मिळतं किंवा मिळत नाही, आणि सोसायटीच्या कुठल्याही ठरावानं ते नंतर वाढवता येत नाही. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर गणिताचे शिक्षक होते आणि ‘प्रयोग परिवारा’च्या कामातून शेतकऱ्यांना एकच गोष्ट परोपरीनं सांगत राहिले: पिकाचं खरं भांडवल म्हणजे पानांनी धरलेलं ऊन, बाकी सगळं त्याच्या मदतीला. गच्चीवर आणि बाल्कनीत भाजी लावणाऱ्या अनेकांनी त्यांच्या पद्धती उचलल्या, पण घर निवडताना हा हिशेब क्वचितच कुणी करतं. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीपुरतं माझं म्हणणं सरळ आहे. भाजी लावायची असेल तर बाल्कनी दक्षिणेची हवी आणि तिच्या समोर दक्षिणेला मोकळी जागा हवी. जाहिरातीतल्या ‘ईस्ट फेसिंग’वर समाधान मानू नये.

याचं कारण सूर्याच्या वाटेत आणि आपल्या भाजीच्या हंगामात आहे. ही तिन्ही शहरं एकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहेत. मेच्या मध्याला इथे शून्य सावलीचा दिवस येतो. तेव्हापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे उत्तरेच्या बाल्कनीला दुपारचं ऊन मिळण्याचा काळ हाच, आणि त्यातला बराचसा पावसाळी ढगांत जातो. २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडतो. तिथून २१ मार्चपर्यंत तो पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो. या सहा महिन्यांत उत्तरेच्या भिंतीवर सूर्याचा एकही सरळ किरण पडत नाही. नेमके हेच महिने बाल्कनीतल्या भाजीचे. मेथी, पालक, मुळा, टोमॅटो, वांगी, मिरची, घेवडा या सगळ्यांना ऑक्टोबर ते फेब्रुवारीची कोरडी, उबदार दुपार मानवते. पावसाळ्यात शेतात काकडी, दोडका, पडवळ जोमानं वाढतात खरे, पण इमारतीच्या बाल्कनीत झड, कोंदट हवा आणि मंद उजेड यांतून वेल तगवणं फार जड जातं. तेव्हा घराचं ऊन तपासायचं ते हिवाळ्याच्या मापानं.

ते माप काढायला यंत्र लागत नाही. २२ डिसेंबरला इथला सूर्य माध्यान्ही क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो, म्हणजे क्षितिज आणि माथा यांच्या जवळपास मध्यावर. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बरेच पश्चिमेला असल्यामुळे ही वेळ घड्याळात साडेबारा उलटून गेल्यावर येते. म्हणून दक्षिणेला समोरची इमारत आपल्या मजल्यापेक्षा जितकी उंच, निदान तितकं अंतर दोन इमारतींत असलं तरच डिसेंबरात दुपारचं ऊन पोचतं. समजा, समोरचा टॉवर २४ मीटरवर आहे आणि तीस मजल्यांचा आहे. मजल्याला तीन मीटर धरले, तर बाविसाव्या मजल्याखालच्या बहुतेक बाल्कन्या त्या दुपारी सावलीत राहतील. टोमॅटो-वांग्यासारख्या फळभाज्यांना मात्र दुपारचा तास-दीड तास पुरत नाही. त्यांना सहा तासांच्या आसपास सरळ ऊन लागतं. सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्य आग्नेयेला असतो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास नैऋत्येला. दोन्ही वेळी त्याची उंची तीस अंशांहून थोडी कमी. म्हणून त्या दोन दिशांना समोरच्या इमारतीची आपल्यापेक्षा जास्त असलेली उंची अंतराच्या निम्म्याहून जास्त नको. घर पाहायला जाताना फोनमधलं होकायंत्र उघडावं आणि दक्षिण, आग्नेय, नैऋत्य या तिन्ही दिशांना नजर टाकावी. मे महिन्यात घर पाहणाऱ्यानं तर हे करावंच, कारण तेव्हा सगळीकडेच लख्ख उजेड असतो आणि तो डिसेंबराबद्दल काहीच सांगत नाही.

‘ईस्ट फेसिंग’ या शब्दांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. जाहिरातीत ही दिशा बहुधा मुख्य दाराची असते. फ्लॅटचं मुख्य दार लॉबीत उघडतं. तिथे ऊन येण्याचा प्रश्नच नसतो. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांशी वाद घालायचं कारण नाही, कारण दार पूर्वेला आणि बाल्कनी दक्षिणेला, अशी घरं मिळतात. विचारायचं ते बाल्कनीबद्दल. बाल्कनी खरोखरच पूर्वेची असेल तरी सकाळचं पहिलं ऊन इतकं तिरपं असतं, की दाट वस्तीत शेजारची इमारत ते आधी अडवते. ते पोचेपर्यंत नऊ वाजतात आणि सूर्य वर चढला की डोक्यावरचा स्लॅब ते कापतो. पालेभाज्यांचं त्यावर भागेल, टोमॅटोचं भागणार नाही.

दक्षिणेचं घर तापतं, हा आक्षेप हमखास येतो. आपल्या अक्षांशावर तो टिकत नाही. मेमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर त्याचं ऊन फारसं पडतच नाही आणि जेमतेम दीड मीटर खोल बाल्कनीचा स्लॅबही ते रोखतो. तीच बाल्कनी डिसेंबरात मात्र आतपर्यंत उजळते. संध्याकाळपर्यंत घर तापवते ती पश्चिमेची भिंत, आणि पावसाची झड आत आणणारी बाजूही बहुतेक तीच. झडीसाठी लोक तिथे पत्र्याची किंवा प्लास्टिकची शेड लावतात आणि उरलेलं ऊनही घालवतात. ठाण्यात घोडबंदर रोडवर पश्चिमेला येऊरचे डोंगर असल्यामुळे सूर्य लवकर आड होतो, हेही लक्षात घ्यावं.

बाल्कनीची घडणही पाहावी. छातीपर्यंत भरीव कठडा असेल तर डिसेंबरच्या दुपारीसुद्धा त्याच्यामागे जमिनीवर जवळपास मीटरभर सावली पडते, आणि कुंड्या ठेवायची जागा नेमकी तीच. गजांचा कठडा असेल तर ही अडचण येत नाही. स्वयंपाकघराची ड्राय बाल्कनी बहुधा डक्टकडे तोंड करून असते. ती भाजीसाठी धरूच नये. ‘गार्डन फेसिंग’साठी जादा पैसे घेतात, पण ती बाग चारी बाजूंनी टॉवर असलेल्या पोडियमवर असेल, तर त्या घराच्या वाट्याला झाडांचं दर्शन येतं, ऊन येत नाही. वरच्या मजल्यासाठी फ्लोअर राइज भरण्याआधी त्याच इमारतीतली दक्षिणेची खालची घरं पाहावीत. पैसे वाचून ऊन जास्त मिळण्याची शक्यता बरीच आहे.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे: आज मोकळी असलेली दक्षिण उद्या मोकळी राहील कशावरून? हा धोका खरा आहे. डोंबिवलीतल्या तीन-चार मजली इमारती पुनर्विकासाला जात आहेत, ठाण्यात क्लस्टर योजना आहे, आणि कल्याण-शीळ रस्त्यालगत टॉवरमागून टॉवर उभे राहत आहेत. १८८२ च्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यात उजेडाचा हक्क आहे, पण तो वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीनंतर. नव्या घराला त्याचा आधार नाही. म्हणून समोर काय आहे एवढ्यावर न थांबता समोरच्या जागेचं काय ठरलं आहे ते पाहावं. खाडीकाठचं तिवरांचं जंगल, राष्ट्रीय उद्यानाची हद्द, तलाव, लोहमार्ग यांच्यावर टॉवर उठण्याची भीती कमी. मोकळ्या भूखंडाचं आरक्षण महापालिकेच्या विकास आराखड्यात कळतं. गृहसंकुल टप्प्याटप्प्यानं होत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर आराखडा पाहावा, कारण पुढच्या टप्प्याची इमारत आपल्या दक्षिणेलाच येत असेल तर ते ऊन चार-पाच वर्षांपुरतंच आहे.

सोसायटीची गच्ची असताना एवढा खटाटोप कशाला, असंही कुणी म्हणेल. गच्चीवर ऊन भरपूर असतं, यात शंका नाही. पण ती सगळ्यांची असते; गळतीची तक्रार आली किंवा समिती बदलली की कुंड्या उतरवाव्या लागतात. परवानगी असेल तोवर ती जरूर वापरावी, मात्र तिच्या भरवशावर उत्तरेचं घर घेऊ नये. ज्यांचं उत्तरेचं घर आधीच झालं आहे, त्यांनी टोमॅटोच्या मागे लागण्यापेक्षा अळू, पुदिना, आलं आणि हळद लावावी. ही मंडळी कमी उन्हात तग धरतात, आणि भिंतीला पांढरा रंग दिला तर परतलेल्या उजेडाचाही त्यांना उपयोग होतो.