पऱ्हाटीच्या पोटातलं लिग्निन

यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा शेवटचा वेचा झाला की शेतात उरते ती पऱ्हाटी. थोडी चुलीत जाते, बाकीची धुऱ्यावर पेटवली जाते. उभी ठेवायचीही सोय नाही. उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. म्हणूनच ‘फरदड (झाडं उभी ठेवून लांबवलेलं पीक) घेऊ नका’ असा कृषी विभागाचा धोशा असतो.

या काडीत साधारण पाचवा ते चौथा हिस्सा लिग्निन असतं. झाडाच्या पेशीभिंतीला ताठपणा देणारं हे द्रव्य सागाच्या भुशातही असतं. जुनं वर्तमानपत्र पिवळं पडतं तेही त्याच्यामुळेच.

ते किती आहे, हे मोजण्याची जुनी रीत स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ पीटर क्लासन यांच्या नावानं ओळखली जाते. आधी वाळलेली काडी दळून विद्रावकानं तिच्यातली राळ आणि मेण काढतात. नाहीतर तेही लिग्निनच्या वजनात धरलं जातं. मग ७२ टक्के सल्फ्युरिक आम्ल. नंतर पाणी घालून उकळलं की सेल्युलोज साखर होऊन विरघळतं आणि तळाशी तपकिरी गाळ उरतो. त्यातली राख वजा केली की आकडा हाती येतो. मात्र आम्लानं होरपळलेलं हे लिग्निन पुढे फारसं कामाचं नसतं.

वापरायचं लिग्निन वेगळ्या वाटेनं काढतात. भुसा कॉस्टिक सोड्यात शिजवायचा, काळा द्राव गाळायचा आणि त्यात हळूहळू आम्ल सोडायचं. सामू दोनच्या आसपास आला की लिग्निन खाली बसतं. ते धुऊन वाळवलं की तपकिरी भुकटी मिळते. तिची ओळख अवरक्त वर्णपटात पटते: १६०० आणि १५१० या तरंगसंख्यांजवळ बेंझिन वलयांच्या खुणा दिसतात. रेणूंचा आकार क्रोमॅटोग्राफीनं कळतो. डांबरात मिसळायचं की गोंदात, हे ठरवताना तो लागतो.

मुंबईत १९२४ साली सुरू झालेल्या आजच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवले आहेत. नागपूरजवळ मनसरला डिसेंबर २०२४मध्ये राष्ट्रीय महामार्गाच्या एका टप्प्यावर लिग्निनपासूनचं जैव-डांबर वापरलं गेलं. ते तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं.

म्हणजे रसायनशास्त्र अडलेलं नाही. अडतं ते गोळा करण्यावर. पऱ्हाटी हलकी, पसरट, शेतोशेती विखुरलेली; ट्रॉली भरते, पण वजन भरत नाही. तिचे तुकडे करणारं यंत्र गावाजवळ हवं आणि भाव उपटण्याच्या मजुरीपेक्षा जास्त हवा. तोवर यवतमाळचं लिग्निन धुऱ्यावरच जळत राहणार.