उपचार मोफत, पण गाडीभाडे कोणाचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या एस.टी. स्टँडवर एक गृहस्थ मुक्कामाला होते. जटा झालेले केस, स्वतःशी बडबड, मिळेल तशी दारू. एके दिवशी कॅन्टीनवाल्यांनी मला थांबवले, "डॉक्टरसाहेब, याला एखादं इंजेक्शन द्या की!" दोन दिवस दारू न मिळाल्याने त्यांचे हात थरथरत होते, भिंतीवर किडे दिसत होते. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की असे होते. आकडी येऊन प्राणही जाऊ शकतो. घरातल्या माणसाच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवा.

वाचकहो, कायदा या लोकांच्या बाजूचा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार बेघर व निराधार व्यक्तीला सरकारी किंवा सरकारी अनुदानावरील केंद्रात मानसोपचार मोफत आहेत. दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरीही. दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही यात येतात. अशा भटकणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात पोचवायचे असते. कोठडीत ठेवायचे नाही.

मग अडते कुठे? औषधांत फारसे नाही. नेहमीच्या गोळ्या जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात. अडते गाडीत, सोबतीला थांबणाऱ्या माणसात आणि सर्वांत जास्त सुट्टी मिळाल्यानंतर. गोळ्या महिनोन् महिने घ्यायच्या असतात. फलाटावर झोपणाऱ्याच्या गोळ्या पावसात भिजतात, नाहीतर पिशवीसकट चोरीला जातात. पुन्हा तोच रुग्ण, पुन्हा तोच वॉर्ड. निवारा, जेवण आणि घरी पोचवण्याचा खर्च उपचाराच्या खर्चातच धरला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेली 'श्रद्धा' ही संस्था नेमके हेच करते. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला कर्जतच्या केंद्रात ठेवून बरे करायचे आणि सोबत माणूस देऊन थेट त्याच्या गावी पोचवायचे. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मात्र अशी कामे बरीचशी देणग्यांवर चालतात, आणि या रुग्णांसाठी देणगी मागणे मंदिरासाठी मागण्याइतके सोपे नसते.

आमच्या पाहुण्यांसाठी रिक्षावाल्यांनी वर्गणी काढली, एका हवालदारांनी कागदपत्रे केली. तीन आठवड्यांनी त्यांनी आपल्या गावाचे नाव सांगितले, बुलढाण्याकडचे निघाले. भाऊ न्यायला आला. पुढच्या गोळ्यांची चिठ्ठी मी त्याच्याजवळ दिली आहे. तुमच्या स्टँडवर कोणी असे दिसले तर पोलीस ठाण्यात कळवा. सल्ल्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हा फोन मोफत आहे.