परदेशांतील शनिवार

आमचे चिरंजीव व सूनबाई लंडनला नोकरी करतात. शनिवारीं फोन केला, कीं उत्तर ठरलेलें : "बाबा, आम्ही बाहेर आहोंत." आज ब्रायटनचा समुद्र, तर पुढच्या खेपेस बाथ येथील रोमन लोकांनीं बांधलेलीं स्नानगृहें! ‘ही उधळपट्टी कशाला?’ असें आम्ही सौभाग्यवतींजवळ कित्येकदां कुरकुरलों.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तेथें गेलों. पांच दिवस दोघें निरनिराळ्या वेळीं घरीं परततात. जेवणही एकत्र होत नाहीं. शनिवारीं मात्र सूनबाईंनीं दशम्या बांधून घेतल्या व आगगाडीनें तासाभरांत आम्ही ऑक्सफर्डला पोहोंचलों. सायणभाष्यासह ऋग्वेद १८४९ ते १८७४ या काळांत सहा खंडांत प्रसिद्ध करणारे पंडित मॅक्समुल्लर तेथेंच होलीवेल दफनभूमींत चिरविश्रांति घेत आहेत. आम्ही हात जोडले. मागें वळून पाहतों, तों तीं दोघें हलक्या आवाजांत बोलत बसलेलीं! आठवड्यांत प्रथमच त्यांस तेवढी सवड लाभली होती.

भरल्या घरांत आम्हां उभयतांस तरी अशी निवांत घटका कितीदां लाभली? आतां शनिवारीं आम्ही फोन करीत नाहीं. रविवारीं रात्रीं त्यांचाच येतो. तोंवर वाट पाहतों.