शस्त्रक्रिया दोन तासांची, विसावा सहा आठवड्यांचा

प्रभूमध्ये प्रिय बंधू-भगिनींनो,

आपल्या देणग्यांतून सातपुड्याच्या पाड्यांवरील आजारी बहिणींना आम्ही दवाखान्यात नेतो, हे आपणांस माहीत आहेच. या अंकात गर्भाशय काढण्याच्या, म्हणजे गावच्या बोलीत ‘पिशवी काढण्याच्या’ शस्त्रक्रियेविषयी लिहीत आहे. या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय पुढची मदत मागणे मला योग्य वाटत नाही.

धडगाव भागातील एक बहीण, वय ४५च्या आसपास. दोन वर्षे तिची पाळी पंधरा-पंधरा दिवस चालायची. अंगात रक्त उरले नव्हते, चार पावले चालली की धाप लागायची. तपासणीत गर्भाशयात मोठ्या गाठी निघाल्या. गोळ्यांनी फरक पडला नाही, म्हणून डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितले. आम्ही गाडी, पैसे, रक्त अशी सगळी सोय केली, मंडळीने प्रार्थना केली. शस्त्रक्रिया चांगली झाली. पाचव्या दिवशी तिला घरी पोहोचवले, रविवारी उपासनेत आभार मानले आणि अहवालात मी ‘काम पूर्ण’ असे लिहिले.

बाराव्या दिवशी तिने हंडा उचलला. झरा खाली दरीत, आणि सून-मुलगा ऊसतोडीला गुजरातेत गेलेले. रात्री ताप भरला, अंगावरून रक्त जाऊ लागले. चौघांनी बांबूच्या झोळीतून तिला रस्त्यापर्यंत आणले. आतल्या टाक्यांच्या जागी जंतुसंसर्ग झाला होता आणि ओझ्याचा ताणही पडला होता. देवाच्या दयेने ती वाचली. मी जरा रागानेच विचारले, “डॉक्टरांनी आराम करायला सांगितलं होतं ना?” ती म्हणाली, “सांगितलं ताई. पण पाणी कोण आणेल, ते कोणी नाही सांगितलं.”

त्या दिवसापासून आमची कामाची पद्धत बदलली. ती अशी.

शस्त्रक्रिया खरोखर हवी का?

पहिला प्रश्न हाच. कर्करोग, औषधाला दाद न देणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे अशा कारणांसाठी ही शस्त्रक्रिया करावी लागते. परंतु केवळ पांढरे जाते किंवा कंबर दुखते म्हणून पिशवी काढायची नसते. पुष्कळ वेळा गोळ्यांनी किंवा गर्भाशयात बसवायच्या औषधी साधनाने रक्तस्राव आटोक्यात येतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची बातमी २०१९ साली गाजली आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याविषयी राज्यांना आदेश दिले. आपल्या बहिणीही ऊसतोडीला जातात. म्हणून सोनोग्राफीचा कागद घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय आम्ही तारीख ठरवत नाही.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे: दुसरा उपाय आहे का? पोट उघडून करणार, योनिमार्गाने की दुर्बिणीतून? बीजकोशही काढणार का, आणि का? बीजकोश काढले तर पाळी जाण्याचा त्रास एकदम सुरू होतो. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, पुढे हाडे ठिसूळ होतात. तिशी-चाळिशीतल्या बाईला हे आधी कळलेच पाहिजे. या सर्व गोष्टी तिच्या बोलीत समजावून सांगितल्यावरच संमतीच्या कागदावर तिने अंगठा उठवावा.

जाण्यापूर्वीची तयारी

घाई नसेल तर आधी रक्त वाढवावे. हिमोग्लोबिन साधारण १०च्या वर असलेले डॉक्टरांना हवे असते. लोहाच्या गोळ्यांना काही आठवडे लागतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबू-पाण्याबरोबर घ्याव्यात. वेळ कमी असेल तर शिरेतून लोह किंवा रक्त देतात. भिल्ल, पावरा, मावची समाजांत सिकलसेल आढळतो, म्हणून ती तपासणी अवश्य करावी. सिकलसेल असेल तर भूल देताना आणि नंतरही शरीरातील पाणी, ऊब व प्राणवायू यांची जास्त काळजी घ्यावी लागते.

मिश्री, तंबाखू आणि दारू काही आठवडे आधीच बंद करावी. चालू असलेल्या गोळ्या, भगताची जडीबुटी, आधीचे सिझेरियन किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, यांतले काहीही डॉक्टरांपासून लपवू नये. आधारकार्ड, रेशनकार्ड आणि जुने कागद एका पिशवीत ठेवावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

दवाखान्यातील दिवस

शस्त्रक्रियेआधी किती तास खाणे-पिणे बंद ठेवायचे ते डॉक्टर सांगतात. आमच्या एका बहिणीने प्रेमापोटी पहाटे भाकरी खाऊ घातली आणि तारीख पुढे गेली! बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. लघवीची नळी साधारण एक दिवस असते. ती पाहून बायका घाबरतात, म्हणून आधीच सांगून ठेवावे.

दुसऱ्या दिवशी नर्स उठवून चालायला लावते. तो छळ नव्हे. चालल्याने आणि पाय हलवत राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. दीर्घ श्वास घ्यावा, आणि खोकताना पोटावर उशी धरावी. आपल्या बहिणी दुखले तरी “सोसते” म्हणतात आणि गोळी मागत नाहीत. सोसून अंग आखडते आणि चालणे राहून जाते, म्हणून गोळी मागावी. सोबतीला पावरी किंवा भिली जाणणारी बाई असावी.

घरी निघताना टाक्यांची तारीख, औषधांची चिठ्ठी आणि काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा अहवाल कधी मिळेल, हे लिहून घ्यावे. तो अहवाल आणायला विसरू नये. कर्करोग नाही ना, हे त्यातून कळते.

घरचे सहा आठवडे

वरची जखम भरली तरी आतले टाके भरायला वेळ लागतो. सहा आठवडे हंडा, कळशी, मोळी, नातवंड, काहीही उचलायचे नाही. घराभोवती रोज थोडे चालावे, मात्र वाकून सारवण किंवा निंदणी करू नये. अंडी-मासळीने जखम पिकते ही समजूत चुकीची आहे. डाळ, अंडी, पालेभाजी खावी, आणि शौचाला जोर करावा लागू नये म्हणून भरपूर पाणी प्यावे. डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत पती-पत्नीने वेगळे झोपावे. हे पतीला समोर बसवून स्पष्ट सांगावे लागते. मला आता त्याचा संकोच वाटत नाही.

थोडा तांबूस स्राव काही दिवस होतो. परंतु ताप, तासाभरात कपडा भिजेल इतके रक्त, घाण वासाचा स्राव, लघवी अडणे, एका पायाला सूज व दुखणे किंवा धाप, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करावा.

मनही दुखते. “पिशवी गेली, म्हणजे बाईपण गेले” असे शेजारणी बोलतात आणि ती रात्री रडते. अशा वेळी उपदेश न करता तिच्याजवळ बसावे. मार्काच्या पाचव्या अध्यायातील बारा वर्षे रक्तस्राव सोसणारी स्त्री आपणांस ठाऊक आहे. थिऑलॉजीचा डिप्लोमा करताना मी तिच्या विश्वासावर निबंध लिहिला होता. तिने वैद्यांपायी सर्व पैसा घालवला होता, ती ओळ मात्र मला पाड्यावर आल्यावर दिसली. प्रभूने त्या गर्दीत थांबून तिला कन्या म्हटले.

आपण काय करू शकता

यंदा त्याच पाड्यावरच्या दुसऱ्या बहिणीची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा तारखेआधी आम्ही एक कागद केला: पाणी कोण, सरपण कोण, भाकरी कोण, गुरे कोण. महिला मंडळाच्या भगिनींनी वार वाटून घेतले. तिची जाऊ ऊसतोडीला न जाता घरी राहिली आणि तिच्या बुडालेल्या मजुरीचा भार आपल्या निधीने उचलला. पाण्याच्या यादीत पहिले नाव कोणाचे होते? झोळीतून नेलेल्या त्या पहिल्या बहिणीचे. आता ती बरी आहे. ४२ दिवस तिने पाळी चुकवली नाही.

म्हणून यापुढे प्रत्येक शस्त्रक्रियेच्या खर्चात सहा आठवड्यांचा किराणा आणि घरी थांबणाऱ्या बाईची मजुरी आम्ही धरणार आहोत. खर्च वाढेल, हे जाणून आपणांपुढे ठेवते. आणखी दोन बहिणी तपासणीच्या टप्प्यावर आहेत. एकीचे रक्त अजून वाढायचे आहे. दोघींसाठी प्रार्थना करावी, आणि आपल्या मंडळीत कोणी बहीण अशा शस्त्रक्रियेहून परतली असेल तर तिच्या घरचे पाणी कोण भरते, हेही एकदा विचारावे.

प्रभूच्या सेवेत आपली,
एक समाजसेविका